बरडावरचा माणूस

आठ वर्षांनी वैजनाथ आईच्या दारात आला होता, तोही पाण्यासाठी. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून पूर्णाबाईनं वाटणीत या धाकट्याच्या वाट्याला सातपुड्याच्या पायथ्याचं दगडगोट्यांचं बरड टाकलं होतं आणि शेजारची विहीर स्वतःकडं ठेवली होती.

"आई, विहिरीवरून एक पाइप टाकू दे. संत्र्याची झाडं वाळून राह्यली," तो म्हणाला.

पूर्णाबाईनं त्याच्याकडं पाठ केली. "आरोही, लाव वं तो अंतराळयानवाल्यांचा दुसरा भाग. आवाज मोठा कर, इथं कुत्रं भुकून राह्यलं."

नातीनं सिनेमा लावला. पडद्यावर यानाचा कप्तान घामाघूम झाला होता. पहिल्या भागात ज्याला तो एका उजाड ग्रहावर सोडून आला होता, तोच माणूस आता दुसरं यान घेऊन सूड उगवायला समोर उभा होता. पूर्णाबाईला त्या कप्तानाचा असा संताप आला, की तिनं हातातला अडकित्ता आपटला.

"मुडद्या, तूच टाकलं न त्याले बरडावर? तिथं पाण्याचा थेंब तरी हाय का, इतक्या वर्सांत कधी जाऊन पाह्यलं? मंग आता थरथरून काऊन राह्यला?"

थोरल्या सुनेचा, सुहासिनीचा, लसूण सोलणारा हात थांबला. वैजनाथ टोपी उचलून उठला.

 

"बस खाली," पडद्यावरची नजर न काढता पूर्णाबाई खेकसली, "कितीक फूट पाइप लागते?"