दोन बोटं माया

"साखरपुड्याला तू कुणाचा तरी उतरलेला ब्लाउज घालणार?" शालनने शिलाई मशीनचं फिरतं चाक हातानेच थांबवलं.

मुक्ताने पुण्यातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला मोरपंखी ब्लाउज तिच्यापुढे ठेवला. "आई, अशी मखमल आता शोधून मिळत नाही. कपाट काय नव्या कपड्यांनीच भरायला हवं? छातीत घट्ट होतोय, तेवढा सैल करून दे ना."

शालनचं लहानपण मामेबहिणींचे उतरलेले परकर नेसण्यात गेलं होतं. लेकीवर ती वेळ येऊ नये म्हणून तर तिने तीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले होते. तिने रागारागानेच ब्लेड उचललं आणि बगलेखालची शिवण उसवली.

आत दोन्ही बाजूंना चांगली दोन-दोन बोटं माया सोडलेली होती. एवढ्या महागाच्या मखमलीत इतकं जादा कापड कुठलाही टेलर सोडत नाही. धागे निघू नयेत म्हणून कडांना हाताने बारीक टाके घातले होते. हा कुणा आईनेच शिवला असणार. लेक अंगाने भरेल, बाळंतीण होईल, तरी तिला व्हावा म्हणून.

शालन कितीतरी वेळ त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिली. मग बोटभर सोडून तिने नवी शिवण मारली. ब्लाउज मुक्ताच्या अंगाला अगदी बेतल्यासारखा बसला.

"आता उरलेली माया कापून टाक ना, आतून टोचते."

"राहू दे गं," शालन म्हणाली. "तुझ्यानंतर जी घालेल, तिला लागेल."