पाण्याखालच्या गोष्टी

“पुन्हा पाण्याखालचीच गोष्ट?” कागद चाळत तो वैतागला. “बेडूक झाला, मासा झाला, आता खेकडा! अगं, एखादी आगगाडी दे, विजेचा खांब दे काढायला.”

“मुलांना पाणी आवडतं,” बायको म्हणाली. लग्नापासून पुस्तकांतल्या गोष्टी तिच्या आणि चित्रं त्याची.

कुरकुरतच त्याने ब्रश रंगात बुडवला. शेवाळाची रेघ कागदावर आपसूक झुलत वर गेली. सुरेख. पुढचीही तशीच. त्याने ब्रश खाली ठेवला. हात मात्र थरथरतच राहिला.

“कधी लक्षात आलं तुझ्या?”

“शाळेची भिंत वाकडी आली तेव्हा. बेडकाच्या आधी.”

मग गोष्टीचं शेवटचं पान त्याने तिच्यापुढे सरकवलं.

“खेकड्याला किनाऱ्यावर नको आणूस,” तो म्हणाला. “तिथे घरं काढावी लागतील.”