गावानं केलेला सत्कार

माझ्या नातीनं, अर्पितानं, चार वर्षं राबून सेन्सरची सिरिंज तयार केली. सुई बरोबर शिरेत गेली की हिरवा दिवा लागायचा. तिच्या पेटंटची सुनावणी तेर गावातल्या आमच्या घरातच, लॅपटॉपवर झाली. मी शेजारी बसले होते.

"अर्जाआधी ही सिरिंज कुणाला दाखवली होती का?" पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं.

"नाही सर. गावात सत्कार झाला होता, तेवढंच."

"त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर आहे." त्यांनी तो लावला.

देवळाचा सभामंडप, अर्पिताच्या गळ्यात हार आणि माईक धरून आमचे हे. जाऊन दोन वर्षं झाली त्यांना, पण आवाज तोच, खणखणीत. "माझी शीर एका बी सिस्टरला कधी पहिल्या फटक्यात घावली न्हाय! आता बघा नातीची करामत. आरं, मागचे पुढं या, नीट बघा. असलं आजून जगात कुणापाशी न्हाय!" त्यांच्या हातावर हिरवा दिवा लागला. टाळ्या वाजल्या.

साहेबांनी व्हिडिओ थांबवला. "जे आधीच सगळ्यांनी पाहिलं, ते कायद्यानं नवीन राहत नाही, बाळ. माझाही नाइलाज आहे."

अर्पिता मान खाली घालून रडत होती. तिच्या पाठीवरून हात फिरवायचं सोडून मी पडद्याकडंच बघत राहिले. साहेबांनी तो व्हिडिओ पुन्हा एकदा लावावा, असं मला वाटत होतं, आणि तिच्यासमोर ते बोलायची सोय नव्हती.