दारावरची ओळ

पर्यटकांच्या यादीत सातव्या नावापुढे व्यवसाय लिहिला होता, 'जुने शिलालेख वाचणे'. गाइडने तो रकाना दोनदा वाचला.

मशिदीच्या अंगणात नऊ पर्यटक चपला-बूट काढत होते. सातवं नाव कुणाचं हे विचारावं लागलं नाही. बाकीचे माना वर करून घुमट पाहत होते. पांढऱ्या केसांची एक बाई मात्र एक बूट हातात, एक पायात, अशी भिंतीवरची अक्षरं पाहत उभी होती.

त्याने कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन लावला आणि सातव्या नावाचं सांगितलं.

"डोकं दुखतंय म्हणून सांगा आणि या घरी," ती म्हणाली.

"नऊ माणसं उभी आहेत गं."

"मग ते दार गाळा. एवढी मोठी मशीद आहे. एक दार नाही दाखवलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

उत्तरेच्या दारावर दगडात कोरलेली एक ओळ होती. तिचा अर्थ तो बावीस वर्षं पर्यटकांना सांगत आला होता आणि त्याला ती वाचता येत नव्हती. साधी अरबी अक्षरं त्याला यायची. ही लिपी फार जुनी. अक्षरांना फांद्या फुटलेल्या, पानं लागलेली, कुठलं कुठे संपतं तेच कळत नसे. या कामात त्याला ज्यांनी आणलं त्या उस्तादांनी सांगितलेला अर्थ त्याने घोकून पाठ केला होता. उस्ताद आता हयात नव्हते.

त्याने बायकोचं ऐकलं. हौद दाखवला, खांब दाखवले, खांबांवर तर तो इतका बोलला की दोघं खालीच बसले. मिहराबापाशी त्याने नमाजाची दिशा समजावून सांगितली. मग तो सगळ्यांना घेऊन दक्षिणेच्या दाराकडे वळला.

"अहो दादा, तिकडे कुठे?" मागून एक मावशी म्हणाल्या. "मी तीन वर्षांपूर्वी येऊन गेलेय. तुम्हीच होतात. त्या दारावरची ओळ ऐकायला मी हिला, माझ्या धाकट्या बहिणीला, मुद्दाम ओढून आणलंय. गाडी लागते हिला, तरी आणलंय."

बहिणीने कसनुसं हसून मान हलवली.

आता सुटका नव्हती. सगळे उत्तरेच्या दारापाशी आले. पांढऱ्या केसांची बाई सर्वांत पुढे उभी राहिली आणि तिने वर पाहिलं. गाइडने तोंड उघडलं. शब्द जिभेवर तयार होते, बावीस वर्षांच्या सवयीने.

"मला ही ओळ वाचता येत नाही," तो म्हणाला.

कुणीतरी खोकलं. व्हिडिओ काढणाऱ्या एका माणसाने मोबाइल खाली घेतला.

"माझ्या उस्तादांनी जे सांगितलं तेच मी सांगत आलोय. खरं-खोटं मला माहीत नाही. आज या मॅडम आहेत. त्यांना वाचता येतं."

"काय सांगितलं होतं उस्तादांनी?" बाईंनी विचारलं.

"दमून आलेल्याने इथे थांबावं. त्याला कुणी नाव विचारणार नाही."

बाईंनी पिशवीतून टॉर्च काढला आणि उजेड तिरका धरला. अक्षरांच्या सावल्या पडल्या. त्या बराच वेळ पुटपुटत राहिल्या. गाइडला वाटलं, ही बाई आता हसेल. मग सगळे हसतील आणि संध्याकाळपर्यंत ऑफिसात तक्रार जाईल.

"गवंड्याची सही आहे ही," त्या अखेर म्हणाल्या. "हे काम अमक्या गवंड्याचं. नाव झिजलंय, ते कुणालाच लागायचं नाही. पुढे म्हणतो, इथे जो थांबेल त्याने माझ्यासाठी एक चांगला शब्द काढावा."

"म्हणजे मागच्या वेळी मी भलत्याच ओळीवर रडले?" मावशी म्हणाल्या.

सगळे हसले. बाईही हसल्या. गाइडला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. त्याने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"उस्तादांना 'थांबणं' बरोबर लागलं होतं," बाई त्याला हळूच म्हणाल्या. "एवढ्या अक्षरांतून तो एक शब्द काढणं सोपं नाही. शिकवलं नव्हतं ना त्यांना कुणी?"

"नाही. चौथीपर्यंतच शिकले होते."

"मग माणूस पक्का होता."

त्याने चौकटीवरची धूळ तळव्याने पुसली.

मावशींनी दाराकडे पाहून हात जोडले. "गवंडीदादा, काम झकास केलंत हो!" त्या मोठ्याने म्हणाल्या. धाकटी बहीण म्हणाली, "अगं, हळू." मग तीही काहीतरी पुटपुटली. व्हिडिओवाला पुढे आला आणि दगडावरून हात फिरवून मागे सरला.

"मॅडम," गाइड म्हणाला, "पहिला शब्द कुठला?"

"तो. 'अमल'. म्हणजे केलेलं काम."

"आपल्या अंमलबजावणीतला?" मावशींनी विचारलं.

"त्यातलाच."

"यातलं पहिलं अक्षर, 'ऐन', कुठे?" गाइडने विचारलं. "मला तर नुसत्या फांद्या दिसताहेत."

"फांद्या सोडा. खालून या. ते उघडं तोंड दिसतंय?"

बावीस वर्षं तो या ओळीकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बोलत आला होता. आता त्याने लोकांकडे पाठ केली आणि मान वर करून तो शोधू लागला. मागे नऊजण थांबले.