जिभेची साक्ष

पीएचडीच्या निवडयंत्राने तुळसा गावितला शून्य गुण दिले. कारण पडद्यावर झळकलं: 'उमेदवाराने दगडाचा नमुना चाटला.' बाकीच्या चाळीस जणांनी स्कॅनर लावून 'रेतीमिश्रित' असं यंत्राच्या मते बरोबर उत्तर दिलं होतं.

भूशास्त्राच्या मार्गदर्शक नेर्लेकर मॅडमनी चष्मा वर सरकवला. "का गं चाटलास?"

"रेती असती तर दातांखाली कचकचली असती, मॅडम. हा तर जिभेला चिकटतोय. निव्वळ चिकणमातीचा आहे. स्कॅनर चुकलाय."

मॅडमनी तोच दगड उचलला आणि न पुसताच जिभेला लावला. तो चिकटला.

"मार्गदर्शक अपात्र," यंत्र लगेच बोललं.

"बरं झालं," मॅडम उठल्या. "गावित, हातोडा घे आणि चल. डोंगर कुणाचे गुण विचारत नाही."