उलटे आटे

नट सकाळपासून हलत नव्हता.

बागेच्या मधोमध ती लोखंडी चक्री होती. दहा पोरं बसतील आणि दोघं-तिघं बाहेरून रेटतील एवढी. झोपाळे निघाले, घसरगुंडी आडवी झाली, सी-सॉच्या फळ्या टेम्पोत चढल्या. चक्री मात्र ठाण मांडून बसली होती. मधल्या खांबावरच्या नटाला दोन गडी आळीपाळीनं लोंबकळले. पान्ह्याला चार फुटी पाइप लावून झाला, तर पाइपच वाकला.

"मॅडम, हिला कटरच लावतो," मुकादम कपाळ पुसत म्हणाला. "ज्यानं कुणी ही केलीय ना, त्याला ती काढायचीच नव्हती."

बागेच्या कामावरची इंजिनीअर हातातली फाइल चाळत राहिली. ज्यानं कुणी केली होती, त्याला तिनं सकाळीच चहा करून दिला होता. "बागेत काय काढलंय सध्या?" असं त्यानं विचारल्यावर "काही नाही, रंगरंगोटी," म्हणून चपला घालून ती सटकली होती.

गॅस कटर आणायला माणूस निघाला आणि तिचे बाबा पत्र्याच्या कुंपणातून अंग चोरून आत आले. हातात कापडी पिशवी, पायांत घरातल्याच सपाता. तिनं फाइल पाठीमागे धरली. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते थेट चक्रीपाशी जाऊन उभे राहिले आणि गड्यांचं काम बघत राहिले.

"किती वेळ चाललंय?"

"दोन तास होतील, काका."

"मग दोन तास तुम्ही तो घट्ट करताय. उलटे आटे आहेत त्याला. इकडून रेटा."

गड्यांनी मुकादमाकडे पाहिलं, मुकादमानं इंजिनीअरकडे. तिनं मान हलवली. बाबांनी पिशवीतून स्वतःचा पान्हा काढून दिला, गड्यांनी खांदा लावला. दोन हिसके वाया गेले. तिसऱ्याला नट असा कण्हला की झाडावरचे कावळे उडाले, आणि मग निमूटपणे फिरायला लागला.

मुकादम हसला. "पण उलटे आटे कशाला पाडले?"

"आधी सुलटेच पाडले होते. रोज संध्याकाळी नट सैल. माझा साहेब म्हणाला, काम कच्चं आहे. मी कामावरून सुटलो की इथं येऊन बसायचो. तीन दिवस बसलो. बघतो तर काय, सगळी पोरं एकाच बाजूला फिरवतात. घड्याळाच्या उलट. एकानंसुद्धा दुसरीकडून फिरवली असेल तर शपथ! मग नवा खांब घेतला, लेथवर उलटे आटे पाडले. आता पोरं जितकी फिरवतील तितका नट आवळत जाणार."

"एकाच बाजूला का पण?"

"ते मला अजून कळलेलं नाही," बाबा म्हणाले.

चौघांनी मिळून चक्री उचलून बाजूला ठेवली. बाबा गुडघ्यावर हात टेकत उकिडवे बसले आणि खांबावरच राहिलेल्या बुशवरून, चक्री ज्यावर फिरायची त्या झिजलेल्या कड्यावरून बोट फिरवू लागले. आता मात्र तिला राहवलं नाही.

"बाबा, मी सांगणारच होते."

"काढायचा कागद कुठाय?"

तिनं फाइल पुढे केली. त्यांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून ते वाचू लागले, लहानपणी तिचं प्रगतिपुस्तक वाचायचे तसे, एकेक अक्षर तपासत. *चक्री. बुश झिजलेला. फट आठ मिलिमीटर. मुलांची बोटं अडकण्याचा धोका. काढून टाकावी.*

"सही कुणाची?"

"माझी."

बाबांनी फाइल मांडीवर ठेवली. करंगळी खांब आणि बुशच्या मध्ये घातली. तिचं टोक आरामात आत गेलं.

"आठ नाही, दहा आहे," ते म्हणाले. "दुरुस्त कर ते. मागच्या वर्षीच मी अर्ज देणार होतो, ही काढा म्हणून. चार ओळी लिहिल्या आणि फाडून टाकल्या." त्यांनी फाइल तिच्या हातात दिली. "हात धजेना. तू केलंस ते बरं केलंस."

तिनं खिशातलं पेन काढलं, आठचे दहा केले आणि शेजारी पुन्हा सही केली. बाबांनी ती सहीसुद्धा वाकून बघितली.

गड्यांनी खांब उपटला. मातीच्या घमेल्यांची रांग लागली. इथं आता मऊ रबराची फरशी यायची होती, त्याआधी जमीन सपाट करायची होती. बाबा उठून उभे राहिले आणि खाली बघत तसेच थांबले. चक्री होती त्या जागेभोवती जमिनीत एक गोल चर पडला होता. वीतभर खोल, पायवाटेसारखा घोटून गुळगुळीत झालेला. रेटणाऱ्या पोरांच्या टाचांनी पाडलेला.

"ही बघ तुझी जागा," बाबा म्हणाले. "तू कधी बसायची नाहीस. तुला चक्कर यायची. नुसती रेटत पळायचीस, आणि घरी चल म्हटलं की भोकाड."

त्यांनी सपाता काढून कडेला ठेवल्या. मग एका पायानं अंदाज घेत ते चरात उतरले आणि सावकाश चालायला लागले.

पहिलं घमेलं घेऊन गडी पुढे आला. "मॅडम, ओतू का?"

"थांब," ती म्हणाली. "एवढी फेरी होऊ दे त्यांची."