आसावरचा बूट

वामन गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याचे दोन्ही हात ग्रीसनं माखले होते. चाकाच्या आसावरचा कातडी बूट, म्हणजे सांध्यातलं ग्रीस राखणारं आवरण, दगडाला घासून उभा फाटला होता. आतलं ग्रीस गळत होतं. धूळ शिरली की सांधा झिजणार, आणि पुढं सूर्यमाळचा चढ होता.

"नवा शिवून घे," शेट म्हणाले. "पण आज त्या सोन्याला घेऊनच जव्हारला परतायचं."

जव्हार संस्थानात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एक या जंगलठेकेदार शेटची. त्यांच्या कोळशाच्या भट्टीवर मार खाऊन सोन्या नावाचा मजूर सूर्यमाळवरच्या आपल्या पाड्यावर पळून आला होता. याआधी पळालेले दोघे शेटनी असेच धरून नेले होते. तेव्हाही गाडी वामनच चालवत होता. त्यांतला एक मागच्या बाकावर सबंध वाट कण्हत होता. ते ऐकू येऊ नये म्हणून वामननं गाडी पळवली होती.

पायथ्याशी गोमा चांभाराचं झोपडं होतं. शेट आंब्याखाली घोंगडीवर आडवे झाले. गोमानं फाटका बूट उलगडून म्हशीच्या कातड्यावर पसरला आणि रापीनं त्याच मापाचा तुकडा कापला. वामन त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"टाके सैल घाल," तो हळूच म्हणाला. "चढावर सुटू देत. वर माणूस धरायला चाललोय आम्ही."

गोमाचा हात थांबला.

"खोटं काम माझ्या हातनं नाय व्हायचं, दादा. सावकाश काम व्हईल."

मग शेटना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो म्हणाला, "दोऱ्याला मेण नाय. वरच्या पाड्यावर मिळंल. कोणी जाऊन आणा."

मेणाचा गोळा त्याच्या मांडीखाली होता.

"जा रे वामन. लवकर ये," शेट डोळे न उघडताच बोलले.

वामन पायवाटेनं धावत चढला. सोन्या अंगणात नाचणी झोडत होता.

"शेट येतोय. रानात पळ," धापा टाकत एवढंच सांगून वामन माघारी फिरला.

उन्हं कलली तेव्हा बूट बसला. ग्रीस भरलं, पट्टा आवळला. गाडी हळूहळू चढ चढली. सोन्याची झोपडी रिकामी असेल, शेट शिव्या देतील, आणि आजचा दिवस निभावेल, असं वामनला वाटत होतं.

सोन्या दारातच बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना, कुडाला टेकून, अंगणभर अख्खा पाडा उभा होता. बायासुद्धा. कोणाच्या हातात काही नव्हतं.

"मी पळालो असतो शेट, तं उद्या तुमी दुसऱ्याच्या दारी आले असते," सोन्या बसल्या जागेवरून म्हणाला. "आता न्यायचं तं समद्यांना न्या."

शेटनी त्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. मग गाडीच्या दाराच्या मुठीवर ठेवलेला हात त्यांनी काढून घेतला.

"वामन," ते म्हणाले, "गाडी वळव."